पूर्वज गेले, की पाठविले गेले?

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत स्थायिक झालेल्या इंग्रज वंशाच्या लोकांना आपले मूळ गाव शोधून काढण्याचा जो छंद जडला आहे, तो आता नुसता छंद राहिलेला नाही. त्याचा एक मोठा व्यापार झाला आहे. ससेक्स, नॉर्फोक, विल्टशायर, डॉर्सेट अशा परगण्यांतील खेड्यांत ही मंडळी उन्हाळ्यात येतात, चर्चच्या आवारातील शेवाळलेल्या दगडांवरून हात फिरवितात, खापरपणजोबाचे नाव सापडते का ते पाहतात आणि बहुधा रिकाम्या हाताने परततात. कारण ज्याच्या घराण्याला दगड उभारण्याची ऐपत होती, त्याला सहसा देश सोडावा लागला नाही. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांची मुले आज टोरांटो आणि मेलबर्न येथे याच लोकांच्या शेजारी राहत आहेत. तेव्हा हा विषय आमच्या वाचकांना प्रथमदर्शनी वाटेल तितका परका नाही.

या शोधकांच्या तोंडी एक ठरावीक कथा असते. एक धाडसी तरुण, पाठीवर गाठोडे, डोळ्यांत नव्या जगाचे स्वप्न. तो गावाचा निरोप घेतो, गलबतावर चढतो आणि स्वकष्टाने वैभव मिळवितो. ही कथा ऐकायला गोड आहे. काही घराण्यांच्या बाबतीत ती खरीही असेल. परंतु एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांतून जे शेतमजूर समुद्रापार गेले, त्यांच्यातील फार मोठ्या समूहाच्या बाबतीत ती अपुरी आहे, आणि ती अपुरी राहण्यात काहींचा फायदा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘पूर्वज गेले’ असे म्हटले की प्रश्न संपतो. ‘पूर्वज पाठविले गेले’ असे म्हटले की कोणी पाठविले, कोणाच्या पैशाने, कोणाच्या सोयीसाठी, हे विचारावे लागते. वंशवृक्षाच्या फांद्या रंगविणाऱ्यांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो. म्हणूनच तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम साधनांविषयी. बाप्तिस्म्याची वही आमच्याही हाताखालून नेहमी जाते. तीत काय लिहिले जाते आणि काय लिहिले जात नाही, याची आम्हाला कल्पना आहे. आपल्या ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदींचे बंधन ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये घातले. इंग्लंडमध्ये त्याआधीच, १५३८ मध्ये, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम काढला होता. १५९८ मध्ये त्या वह्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा आणि दरवर्षी त्यांची नक्कल बिशपकडे धाडण्याचा नियम झाला. पुढे यादवी युद्धाच्या काळात अनेक ठिकाणी खंड पडला. त्यातही एक खोच आहे : १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून वहीतील फेब्रुवारी १७५० म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७५१. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कित्येक हौशी संशोधकांनी विवाहापूर्वीच मुले जन्माला घातली आहेत!

कॅथलिक घराण्यांचा शोध तर अधिकच बिकट. छळाच्या काळात आपल्या लोकांच्या नोंदी उघडपणे ठेवणे धोक्याचे होते. त्यातून १७५४ मध्ये लॉर्ड हार्डविक याचा विवाहविषयक कायदा अमलात आला आणि क्वेकर व यहुदी वगळता सर्वांना अँग्लिकन चर्चमध्येच विवाह करणे भाग पडले. ही सक्ती १८३७ मध्ये सरकारी नोंदणी सुरू होईपर्यंत टिकली. परिणामी, ज्या कॅथलिक जोडप्याने आपल्या धर्मगुरूपुढे गुपचूप लग्न लावले, त्याची नोंद अँग्लिकन वहीत सापडते. ती पाहून ‘आमचे पूर्वज अँग्लिकन होते’ असा निष्कर्ष काढणारे वंशज ऑस्ट्रेलियात पुष्कळ भेटतील. नोंद खरी असते, पण ती कोणत्या सक्तीखाली झाली हे त्याच पानावर लिहिलेले नसते.

आता देशांतराच्या नोंदी पाहू. येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. ब्रिटनच्या बंदरांतून निघणाऱ्या प्रवाशांच्या ज्या याद्या आज शिल्लक आहेत, त्या १८९० पासूनच्या. त्यापूर्वीच्या नष्ट करण्यात आल्या. कॅनडात उतरणाऱ्यांच्या याद्या १८६५ पासून सलग मिळतात. त्यामानाने न्यू साउथ वेल्सची वसाहत चोख : सरकारी मदतीने आलेल्या प्रवाशाचे जन्मगाव, आईबापांची नावे, धर्म आणि लिहितावाचता येते की नाही, हे सारे तेथील याद्यांत आढळते. कारण उघड आहे. वसाहतीला माणूस हवा होता, म्हणून तिने त्याची चौकशी केली. मायदेशाला तो नको होता, म्हणून त्याच्या जाण्याची नोंद जपून ठेवण्याची कोणाला निकड भासली नाही.

परंतु जाणाऱ्याचे नाव जपले गेले नसले, तरी त्याच्यावर झालेला खर्च मात्र पै न् पै लिहिला गेला. तो आढळतो बाप्तिस्म्याच्या वहीत नव्हे, तर गरिबांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या ओव्हरसियरच्या जमाखर्चात आणि व्हेस्ट्रीच्या, म्हणजे पॅरिशच्या पंचायतीच्या, इतिवृत्तात. अमक्याच्या कुटुंबास बूट, सदरे, बंदरापर्यंतचे गाडीभाडे, गलबताचे तिकीट. आमचा आग्रह हा की, ज्याला आपल्या पूर्वजाचा खरा शोध घ्यायचा आहे, त्याने बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी न थांबता या हिशेबाच्या वह्या उघडाव्यात.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी इंग्लंडची पॅरिश म्हणजे काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. ती जशी उपासनेची, तशीच कर गोळा करण्याचीही घटक होती. पॅरिशमधील गरिबांना पोसण्यासाठी जमीनधारकांवर गरीबपट्टी बसे. साहजिकच ‘आपला गरीब कोण?’ हा प्रश्न पैशाचा झाला. १६६२ च्या वस्तीहक्काच्या कायद्याने त्याला उत्तर दिले : ज्याचा वस्तीहक्क ज्या पॅरिशमध्ये, त्याचा भार त्याच पॅरिशवर, परका मनुष्य निराधार होण्याचा संभव दिसला की त्याला त्याच्या पॅरिशकडे परत हाकलावे. सलग एक वर्ष चाकरी केली की हा हक्क मिळे. म्हणून शेतकरी गड्याला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवीत. अनौरस मूल जेथे जन्मेल तेथले ठरे. म्हणून दिवस भरत आलेल्या अविवाहित स्त्रीला शेजारच्या पॅरिशच्या हद्दीत लोटून देण्याचे प्रकार घडत. जमीनदार आपल्या पॅरिशमधील झोपड्या पाडून टाकीत, कारण छप्पर नाही तर मजूर नाही आणि मजूर नाही तर पट्टी नाही. १७८३ ते १७९४ या काळात तर वहीतील प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता. त्यातून कंगालांना सूट असे, आणि तशा नोंदींपुढे कंगालत्वाची खूण म्हणून ‘पी’ हे अक्षर लिहिलेले आढळते. प्रभूच्या पाण्याने धुतलेल्या बालकाच्या नावापुढे दारिद्र्याचा शिक्का! आम्हा धर्मगुरूंना ही नोंद पाहून वेदना झाल्याखेरीज राहत नाही.

अशा व्यवस्थेत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढील शंभर वर्षांत सुमारे चार हजार कायदे करून गावांची सामाईक राने व गायराने कुंपणाच्या आत घेण्यात आली. ज्याची एक गाय त्या गायरानावर चरे, ज्याच्या चुलीला त्या रानातले सरपण मिळे, तो निव्वळ रोजंदारीवर आला. मग मळणीयंत्र आले आणि हिवाळ्यातली मळणीची रोजंदारीही गेली. १८३० च्या ऑगस्टमध्ये केंट परगण्यात मजुरांनी पहिले मळणीयंत्र फोडले आणि पाहता पाहता दक्षिण इंग्लंडभर तो वणवा पसरला. ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक पुढाऱ्याच्या सहीने धमकीची पत्रे फिरली. सरकारने एकोणीस जणांना फासावर दिले आणि सुमारे पाचशे जणांना ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत काळ्या पाण्यावर धाडले. जमीनदारवर्ग हादरला, आणि ‘जादा’ मजुरांना समुद्रापार पाठवावे, हा विचार याच भीतीच्या पार्श्वभूमीवर बळावला. याला योगायोग म्हणण्याची आमची तयारी नाही.

वेस्ट ससेक्समधील पेटवर्थची योजना याचे उत्तम उदाहरण. तेथील बडा जमीनदार लॉर्ड एग्रिमाँट याच्या पैशाने आणि पेटवर्थचा रेक्टर थॉमस सॉकेट याच्या खटपटीने १८३२ ते १८३७ या सहा वर्षांत सुमारे अठराशे माणसे पोर्ट्समथहून अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ऑन्टारिओत, रवाना झाली. सॉकेटला न्याय दिला पाहिजे. त्याने गलबतांवर देखरेख करणारा अधिकारी व वैद्य यांची व्यवस्था केली, माणसे जनावरांसारखी कोंबली जाऊ नयेत याची काळजी घेतली. पहिली तुकडी गेली त्या १८३२ सालीच क्वेबेकात पटकीची साथ होती, हेही विसरता येत नाही. परंतु मूळ हिशेब काय होता? एक कुटुंब वर्षानुवर्षे पोसण्यापेक्षा त्याला एकदाच गलबतावर बसवून देणे स्वस्त. दयाबुद्धी होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती दया पट्टी वाचविणाऱ्या हिशेबाच्या बाजूनेच चालत होती, आणि असा योग जुळून आला की दयेची फारशी परीक्षा होत नाही.

या ससेक्सच्या लोकांनी कॅनडाहून घरी पाठविलेली पत्रे सॉकेटने १८३३ मध्ये छापून प्रसिद्ध केली. वंशावळीच्या अभ्यासकांना ती पत्रे म्हणजे खजिना वाटतो, आणि ती मोलाची आहेतच. ज्यांच्या बापजाद्यांनी सहीऐवजी फुली मारली, त्या कुळांतील माणसांचा आवाज दुसरीकडे कोठे ऐकू येणार? तरीही ती वाचताना एक भान हवे. पुढच्या हंगामात आणखी कुटुंबे जावीत, म्हणून ती छापली गेली. ज्याने छापली त्यालाच माणसे पाठवायची होती. तेथे मुबलक मांस मिळते, मालकापुढे टोपी काढावी लागत नाही, असे सांगणारे पत्र छापखान्यात जाणार. मूल वाटेत दगावले, परत यावेसे वाटते, असे लिहिणाऱ्याच्या पत्राला तितकी घाई कोण करणार?

गरिबांचे कागद कोणाच्या तरी उपयोगाचे असतील तरच टिकतात. आपल्या सर्वांच्या आदराचे फादर थॉमस स्टीफन्स यांचेच पाहा. तेही इंग्लंडच्या खेड्यातून समुद्रापार गेलेले. विल्टशायरमधील बुश्टन हे त्यांचे गाव. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून ते ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले आणि नोव्हेंबरात त्यांनी वडिलांना प्रवासाचे वर्णन करणारे पत्र लिहिले. ते आज आपणास वाचावयास मिळते ते रिचर्ड हॅक्लूट याने १५८९ मध्ये आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले म्हणून. इंग्रज दर्यावर्दींना व व्यापाऱ्यांना पूर्वेच्या वाटेची माहिती हवी होती. मुलाने बापाला लिहिलेले पत्र, पण टिकले व्यापाराच्या ओढीने. त्यांच्या नावाचे काय झाले तेही उद्बोधक आहे. कोठे स्टीफन्स, कोठे स्टीव्हन्स, पोर्तुगीजांच्या लेखणीत इस्तेव्हांव, आणि काही कागदांत तर गावाचेच नाव आडनाव होऊन बसलेले : बुस्टन, बुस्टेन. क्रिस्तपुराणाच्या कर्त्याची ही गत, तर नॉर्फोकच्या अक्षरशत्रू गड्याची काय कथा? कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. इंग्रज खेडूत ‘ह’काराचा उच्चार गाळतो, म्हणून हेजेसचे एजेस होते आणि वर्णानुक्रमाने लावलेल्या सूचीत ते दहा पाने अलीकडे जाऊन बसते.

१८३४ मध्ये गरिबांच्या कायद्यात सुधारणा झाली. सुधारणा म्हणावयाचे ते त्या कायद्याचे नाव आहे म्हणून. घरबसल्या मदत मिळणे अवघड झाले, वर्कहाउसचा धाक उभा राहिला, आणि त्याच कायद्याच्या बासष्टाव्या कलमाने पॅरिशला पट्टीच्या तारणावर कर्ज काढून आपले गरीब परदेशी धाडण्याची मुभा दिली. पुढील दोन-तीन वर्षांत नॉर्फोक व सफोक या परगण्यांतून हजारोंनी माणसे गेली. हा पत्रव्यवहार लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एमएच १२’ या मालिकेत जपलेला आहे. एका दाराशी वर्कहाउस आणि दुसऱ्या दाराशी गलबत उभे करायचे, मग मजुराने गलबत ‘निवडले’ असे म्हणायचे, ही निवड कोणत्या अर्थाने स्वेच्छेची?

यावर आम्हाला असे सांगण्यात येते की, ते गेले म्हणून तर त्यांची मुले जमीनमालक झाली. गावात राहते तर सात पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबत राहते. हे खरे आहे, आणि आम्ही ते मान्य करतो. अनेकांचे कल्याण झाले. परंतु योसेफ मिसर देशात प्रधान झाला म्हणून त्याला विकणाऱ्या भावांचा व्यवहार साफ ठरत नाही. शिवाय ती जमीन रिकामी नव्हती. अप्पर कॅनडात अनिशिनाबे आदी लोकांची, ऑस्ट्रेलियात तेथील मूळ रहिवाशांची ती भूमी होती. ज्याचे गायरान काढून घेतले, त्यालाच दुसऱ्याच्या रानावर नेऊन बसविले. वंशवृक्ष काढणाऱ्या नातवाने हा दुहेरी हिशेब मांडावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. पूर्वजावर अन्याय झाला हे कळल्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही.

डॉर्सेटमधील टॉलपडलचे सहा मजूर सर्वांना ठाऊक आहेत. मजुरी कमी होत होती म्हणून त्यांनी संघटना बांधली, शपथ घेतली, आणि १८३४ मध्ये बेकायदा शपथेच्या आरोपावरून त्यांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लोकक्षोभामुळे १८३६ मध्ये माफी मिळून ते परतले. पुढे त्यांपैकी पाच जण कुटुंबांसह कॅनडात, ऑन्टारिओतील लंडन या गावाच्या परिसरात गेले, आणि तेथे आपल्या पूर्वायुष्याविषयी ते फारसे बोलत नसत असे म्हणतात. ज्यांच्यासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले, त्यांनाही नव्या मुलखात गप्प राहणेच बरे वाटले! मग ज्यांच्यासाठी कोणी एक अर्जही केला नाही, त्यांनी नातवंडांना काय सांगितले असेल? साहसाच्या गोड कथा बहुधा या मौनाच्या जागी उगवल्या. सहावा, जेम्स हॅमेट, टॉलपडललाच राहिला. तो १८९१ मध्ये वर्कहाउसमध्ये वारला.

१८७० नंतरचे चित्र निराळे आहे, आणि ते निराळे म्हणूनच सांगितले पाहिजे. १८७२ मध्ये वॉरिकशायरच्या जोसेफ आर्च याने शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारली. त्या वेळी ग्लॉस्टरच्या अँग्लिकन बिशपांनी चळवळ्या लोकांना गावच्या तळ्याची वाट दाखवावी अशा अर्थाचा इशारा दिला, तर त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या एक्झिटर हॉलमधील सभेत आपले आर्चबिशप मॅनिंग, जे पुढे कार्डिनल झाले, मजुरांच्या बाजूने व्यासपीठावर उभे राहिले. आर्च १८७३ मध्ये स्वतः कॅनडात जाऊन जमिनी पाहून आला. न्यूझीलंडने त्याच वर्षी मोफत प्रवास देऊ केला. आता देशांतर हे मजुराच्या हातचे शस्त्र झाले होते : रास्त मजुरी द्या, नाहीतर आम्ही निघालो. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना मजूर जड झाले होते, त्यांच्याच वारसांना आता पेरणीला हात मिळेनात. ‘गेले’ हा शब्द या पिढीला शोभतो. पण त्यांच्याही वाटेवर काळ टपून होता. १८७४ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडला निघालेले ‘कॉस्पॅट्रिक’ हे गलबत दक्षिण अटलांटिकात पेटले. चारशेहून अधिक माणसे गेली, तिघेच वाचले. ऑक्सफर्डशायरमधील शिप्टन-अंडर-विचवुड या एका खेड्याची सतरा माणसे त्यात होती, आणि त्यांचे स्मारक त्या गावच्या हिरवळीवर आजही उभे आहे.

आपल्या पदरातलेही सांगितले पाहिजे. १८६९ पासून पुढे कित्येक दशके एक लाखाच्या आसपास मुले ब्रिटनमधून एकटीच कॅनडात धाडली गेली. त्यांत शहरांतली अधिक, पण त्यांना शेतांवरच राबविले गेले. पुढे अशीच मुले ऑस्ट्रेलियात गेली. पाठविणाऱ्यांत कॅथलिक संस्थाही होत्या. त्यांतील अनेक मुले अनाथ नव्हतीच. आईबाप जिवंत असता त्यांना अनाथ म्हणून सांगण्यात आले. ब्रिटिश पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २०१० च्या फेब्रुवारीत याबद्दल जाहीर क्षमा मागितली. या मुलांपैकी जे म्हातारपणी आपली आई शोधीत इंग्लंडात आले, त्यांच्या शोधाला छंद म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आमचे काही धर्मबंधू पौलाचा दाखला देतात : तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याने न संपणाऱ्या वंशावळ्यांच्या नादी लागू नये असे बजाविले आहे. पौलाचा रोख पोकळ वादांवर होता. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीने केला आणि तीत तामार, राहाब, रूथ व उरियाची पत्नी यांना जागा दिली. झाकण्यासारखे ते झाकले नाही. आमचा विरोध आहे तो झाकाझाकीच्या वंशावळीला. शुल्क भरून एका बैठकीत सहाशे वर्षांचा वृक्ष मिळतो, त्यात दुसऱ्याने केलेली चूक तिसरा उतरवून घेतो, आणि एकाच परगण्यात एकाच नावाचे चार जण असता त्यांतल्या त्यात ज्याच्या घरी कुलचिन्ह आहे तो आपला पूर्वज ठरतो. लाळेच्या तपासणीने रक्ताचे धागे कळतील. पण गरीबपट्टीच्या वहीत त्या माणसाच्या नावावर किती शिलिंग पडले, हे लाळ सांगणार नाही.

आणि हे कागद कोणाचे? ज्या गरिबांच्या घामाच्या व अपमानाच्या या नोंदी, त्यांच्या वंशजांना त्या पैसे मोजून पाहाव्या लागाव्यात, हे आम्हाला पटत नाही. १९९८ पासून इंग्लंडमधील स्वयंसेवकांनी सरकारी नोंदणीच्या व पुढे पॅरिशच्या वह्या उतरवून विनामूल्य खुल्या केल्या आहेत. कॉर्नवॉलमध्ये तर एकेका पॅरिशची जबाबदारी एकेका स्वयंसेवकाने उचलली आहे. २००८ मध्ये रोमच्या धर्मगुरूविषयक मंडळाने आपल्या नोंदवह्या युटाच्या वंशावळी संस्थेला छायाचित्रणासाठी देऊ नयेत असे महागुरूंना कळविले, कारण मॉर्मन पंथीय मृतांच्या नावे बाप्तिस्मा देतात. कारण समजण्याजोगे आहे. परंतु दुसऱ्याला द्यायच्या नसतील, तर वाळवी व दमट हवा यांपासून वाचवून त्या आपणच वाचकांपुढे ठेवल्या पाहिजेत; कपाटाला कुलूप लावल्याने ते कर्तव्य पार पडत नाही.

तेव्हा ज्या वाचकांच्या घरी विवाहाने असे इंग्रज नातेवाईक आले असतील, त्यांनी पुढील शोधाच्या वेळी त्यांना इतके सांगावे. १८४१ च्या जनगणनेवर फार विसंबू नका. तीत पंधरा वर्षांवरील माणसांचे वय पाचाच्या पटीत खाली आणलेले आहे आणि जन्मगाव दिलेले नाही, ते १८५१ पासून मिळते. वसाहतीतील कागदांत धर्म व जन्मगाव आधी पाहून घ्या. मग परगण्याच्या अभिलेख कार्यालयात जाऊन त्या पॅरिशच्या वस्तीहक्काच्या जबान्या मागा. कंगाल मनुष्याने मॅजिस्ट्रेटपुढे आपला जन्म, चाकरी, मालक, मजुरी, विवाह असे अवघे आयुष्य सांगितलेले त्यांत सापडते. त्याच्या खाली त्याची फुली असते. आणि ती मिळाली की, तो गेला त्या वर्षाचे ओव्हरसियरचे जमाखर्चाचे पुस्तक मागायला विसरू नका.